धोंडीबाईची रजा

शहापूर
१२ डिसेंबर २०२४

शीतल,

आशीर्वाद घे आणि शेवटपर्यंत वाच, अर्ध्यावर ठेवू नको.

फोन सोडून वहिनी कागद का पाठवते असं बोलशील. गेटवर फोन डब्यात टाकून घेतात. घरी येऊन लावला तर तू मीटिंगमध्ये. तू नणंद असशील, हेड ऑफिसात सेफ्टीची बाई असशील, पण तुझं ‘हो वहिनी, बघते वहिनी’ ऐकून माझं काम होत नाय. मनोजचा टेम्पो आठवड्यातून तीनदा सरबताचा माल घेऊन मुरबाडला येतो, त्याच्या हाती देते. कागद हातात आला की माणसाला उत्तर द्यावं लागतं.

काम असं. आमच्या बाटल्या धुवायच्या मशीनला गरम सोड्याचा जो पाइप येतो तो सांध्यात गळतो. हा सोडा भज्यात घालायचा नव्हे, कॉस्टिक. थेंब पडला की कातडी आधी बुळबुळीत होते आणि मग सोलते. आमी बारा बाया तिथं उभ्या असतो. सुपरवायझर प्रज्वलला तीनदा सांगितलं. तो बोलतो, मुरबाडहून मंजुरी नाय. मुरबाडला तू बसलीस. मग मंजुरी काय आभाळातून पडणार?

दुसरं. डोळे धुवायचा नळ बसवलाय ना तुमी, हिरव्या पाटीचा, त्याच्यासमोर रिकाम्या क्रेटची थप्पी लावलीय. धंदा वाढला, जागा नाय म्हणतात. मी बोलले तर प्रज्वल बोलतो, मावशी, त्या नळाला जातंय कोण.

घरी बरं आहे. तुझा दादा पडवीत बसून तुझ्या लग्नाचं काढतो, मी त्याला गप्प करते. म्हशाच्या जत्रेच्या रजेचे अर्ज आतापासून माझ्यापाशी यायला लागले. लायनीत चौथी शिकलेली मी एकटी, म्हणून मीच कारकून. सगळ्यांचं एकच लिहिते, ‘म्हशाच्या जत्रेला जात असल्याने’. हात आपसूक चालतो. लायनीत माझ्या शेजारी उभी असते ती धोंडीबाई बोलली, मला जत्रा नको, एक दिवस झोपायची रजा लिहून दे. तिला बोलले, त्याला कंपनीत कारण नाय, मेल्यावर घे.

पाइपाचं बघ.

सकुवहिनी


मुरबाड
१७ डिसेंबर २०२४

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं. मनोजने दोनदा सांगितलं की उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नको असा तुझा हुकूम आहे. ऑफिसात सगळे हसले.

पाइपाचं मी लिहून घेतलंय. पण तुला खरं सांगते, मार्चपर्यंत सगळी खरेदी बंद आहे. सरबताची विक्री दीडपट झाली, पण नव्या गोदामाचं कर्जही आहे, आणि वर्षाअखेर नफा चांगला दिसायला हवा. मुंबईतला एक मोठा ग्राहक, ज्याची शंभरेक दुकानं आहेत, फेब्रुवारीत ऑडिटला येतोय. तो मिळाला तर कंपनी कुठल्या कुठे जाईल. त्याला दोनच गोष्टी बघायच्या आहेत, आपला नफा आणि आपले अपघात. तुमच्या गेटवरच्या फलकावर आज अपघाताविना ६४१ दिवस आहेत. साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये हा आकडा वाचून दाखवतात आणि माझ्याकडे बघतात. मला किती बरं वाटतं ते तुला कसं सांगू.

तोवर सांध्याला क्लँप लावायला सांगते. चार गॉगल मनोजबरोबर पाठवलेत, आळीपाळीने घाला. क्रेट हलवायला प्रज्वलला फोन करते.

दादाला सांग, लग्नसुद्धा मार्चनंतर. तीही खरेदीच आहे.

तुझी
शीतल


शहापूर
२० जानेवारी २०२५

शीतल,

गुरुवारी झालं ते तुला फोनवर कळलं. पण तेव्हा मी ओरडत होते आणि तू ‘हळू बोल’ करत होतीस. आता हळू लिहिते.

पावणेअकराला पाइपाचा सांधा सुटला. धोंडीबाई क्रेट उचलायला वाकली होती. गरम सोडा उजव्या डोळ्यात, गालावर, मानेवर. ती ओरडली नाय. ‘सकू, मला दिसत नाय गो,’ एवढंच बोलली, लाइट गेल्यावर बोलतात तसं. गॉगल चार आणि बाया बारा, त्या दिवशी तिचा नंबर नव्हता. नळाकडं नेली तर क्रेट तिथंच. आमी चौघींनी क्रेट ओढून फेकल्या, बाटल्या फुटल्या, नळ सोडला तर नळाला पाणी नाय. मग पिण्याच्या पिंपातलं पाणी तांब्यानं तिच्या तोंडावर मारलं. पिंप संपेपर्यंत मारलं.

मग प्रज्वलच्या मोबाइलवर तुझा फोन. तू बोललीस, सरकारी दवाखान्यात नको, तिथं कागद होतात, टाइम जातो, खासगी डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या, बिल कंपनी भरेल. मनोजच्या टेम्पोतून नेली. मग तू मला बोललीस, ‘वहिनी, तिचा आजपासूनचा रजेचा अर्ज लिहून ठेव, म्हणजे तिचे दिवस बिनपगारी पडणार नाहीत.’ मी विचारलं, कारण काय लिहू. तू बोललीस, ‘नेहमीचंच लिही ना.’ लिहिलं मी, जत्रेचं. शनिवारी दवाखान्यात तिचा अंगठा घेतला. तिच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी होती. कशावर अंगठा, ते तिनं विचारलं नाय, मी सांगितलं नाय. सकूनं धरलाय हात म्हणजे बरोबरच असेल, असं तिच्या नवऱ्याला, मंगळूला बोलली.

एक गोष्ट मला कळत नाय, ती तू बघून घे. आमा बायांची बोटं सोड्यानं झिजलीत, हजेरीचं मशीन आमचा अंगठा घेत नाय. म्हणून आमची हजेरी प्रज्वल वहीत लिहितो. गुरुवारी सकाळी सातला तिची हजेरी लागलीय, मी बघितली. मग त्याच दिवशी हजेरी पण आणि रजा पण, असं कसं दिसेल? उद्या कोणी विचारलं तर तिच्याच अंगावर येईल. तू शिकलेली आहेस, काय ते नीट कर.

डॉक्टर अजून डोळ्याचं सांगत नाय.

सकुवहिनी


मुरबाड
२४ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

तू त्या वेळी होतीस म्हणून धोंडीबाईला निदान पाणी मिळालं. मला दोन रात्री झोप नाही.

वहीचं सांगितलंस ते फार बरं झालं. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी बघते.

आता फक्त एक कर. कुणाशी काही बोलू नकोस, लायनीतल्या बायकांशी नको, दादाशीही नको. ऑडिट २० फेब्रुवारीला आहे. ते झालं की धोंडीबाईचं सगळं मी मार्गी लावते. तिला स्टिकरच्या टेबलावर घेऊ, बसून काम, सोड्याचा वाससुद्धा नाही. डॉक्टरचं बिल कंपनी भरतेच आहे.

माझ्यावर विश्वास ठेव. दहावीनंतर दादा मला घरी बसवणार होता, तेव्हा तू चार दिवस त्याच्याशी अबोला धरलास आणि मला अकरावीला घातलंस. मी ते विसरलेली नाही.

तुझी
शीतल


शहापूर
८ एप्रिल २०२५

शीतल,

ऑडिट झालं, मार्च झाला. तू फोन उचलत नाय म्हणून परत कागद.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी नवा पाइप बसला. खरेदी बंद होती ना? क्रेट हलल्या, नळाला पाणी आलं, बारा जणींना बारा गॉगल आणि पांढरे एप्रन. फोटोवाला आला. पाहुण्यांनी मला विचारलं, मावशी, इथं कधी कुणाला लागलं? मी प्रज्वलकडं बघितलं, मग तुझं पत्र आठवलं, ‘नाय’ बोलले. दोन वेळा विचारलं, दोन वेळा ‘नाय’ बोलले. ते गेल्यावर पेढे वाटले आणि गॉगल परत जमा करून घेतले.

धोंडीबाईचा उजवा डोळा गेला. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. डाव्यानं दिसतं, पण अंदाज येत नाय, पाणी ओतते तर हंड्याच्या बाहेर. बिल मार्चअखेरपर्यंत भरलं आणि बंद. मंगळू गेटवर आला तर वॉचमन बोलला, हिचं नाव यादीत नाय. प्रज्वलला धरला. तो बोलतो, रजा संपली, बाई हजर झाली नाय, नाव कमी झालं.

मी वही मागितली. दाखवत नव्हता, मी ओढून घेतली. सोळा जानेवारीच्या, त्या गुरुवारच्या पानावर तिच्या नावापुढं ‘र’ लिहिलंय, म्हणजे रजा. सगळं पानच नवं आहे. आमा बाराही जणींची नावं एका शाईत, एका दमात लिहिलेली, आणि माझं नाव चुकीचं, ‘सखुबाई’. प्रज्वल मला तीन वर्षं ‘सकुबाई’ लिहितो.

हे त्या पोरानं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलंय. साहेबाला घाबरून केलं असणार. त्याला तू धर, तुझं तो ऐकतो. जुनं पान फाडलं असेल तर कुठं टाकलं ते विचार. आणि धोंडीबाईला स्टिकरच्या टेबलावर कधी घेता ते तारीख लिहून पाठव. तिला मी सांगून ठेवलंय, माझी नणंद आहे तिथं, काळजी करू नको.

सकुवहिनी


मुरबाड
६ मे २०२५

वहिनी,

उशीर झाला, कामाचा फार ताण आहे.

प्रज्वलला काही बोलू नकोस. त्याने स्वतःच्या मनाने काही केलेलं नाही.

तू शांतपणे ऐक. नोंदीत त्या दिवशी रजा आहे. अर्ज तुझ्या अक्षरात आहे, अंगठा तिचा आहे. आता मी उलट लिहिलं तर पहिली तुझी नोकरी जाईल, मग माझी. नवा ग्राहक खोटं सापडलं म्हणून ऑर्डर काढून घेईल. प्लांट बंद पडला तर दोनशे घरांचं काय? त्यात आपल्या गावातली किती आहेत ते तूच मोज. धोंडीबाईचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण जो डोळा गेला तो कागद बदलून येणार आहे का?

स्टिकरच्या टेबलावर एका डोळ्याच्या बाईला घेता येणार नाही, नियमात बसत नाही. दिवाळीत तिच्या घरी काहीतरी पाठवू. मी माझ्याकडून देईन.

यापुढे हे विषय मनोजच्या हाती पाठवू नकोस.

शीतल


शहापूर
१५ सप्टेंबर २०२५

शीतल,

मनोजच्या हाती पाठवू नको बोललीस, म्हणून त्याच्याच हाती पाठवते.

मे महिन्यातलं तुझं पत्र वाचून मी चार महिने गप्प होते. राग आला म्हणून नव्हे. राग मला रोजच येतो, त्याला काय एवढं. मला कळत नव्हतं की हे लिहिणारी ती शीतलच का दुसरी कोण. ‘प्रज्वलने स्वतःच्या मनाने केलेलं नाही’, हे मी कितींदा वाचलं. मग कुणाच्या मनानं केलं, ते मला भाताची आवणी चालू असताना, रोपं लावत चिखलात उभी असताना कळलं. तिथंच थांबले. बाजूची बोलली, काय गो, काटा लागला?

मी तुला पाइपाचं सांगितलं, तर तू मार्चपर्यंत थांब बोललीस. मी तुला वहीचं सांगितलं, ते मात्र चार दिवस पण थांबलं नाय. पान फाडायची वाट मीच तुला दाखवली. धोंडीबाईचं भलं व्हावं म्हणून दाखवली.

आणि आता हे पुस्तक. कंपनीचा वार्षिक अहवाल म्हणतात ना, तो. मनोजला गोदामात मिळाला. गुळगुळीत कागद, मला वाचायला तीन दिवस लागले. विक्री वाढली. नफा गेल्या वर्षाच्या दुप्पट. कसा वाढला ते पण दिलंय, ‘देखभाल खर्चात काटकसर’. मी तुझ्या दादाला त्याचा अर्थ विचारला. तो बोलला, दुरुस्तीवर पैसे घातले नाय. अकराव्या पानावर, ‘शहापूर प्लांट, सलग ७४५ दिवस अपघातविरहित’. त्याखाली आमचा फोटो, बारा गॉगल, मधी मी दात काढून हसते. बारावी बाई कोण ते मला आठवेना. मग लक्षात आलं, ऑफिसातल्या झाडूवालीला एप्रन घालून धोंडीबाईच्या जागी उभी केली होती. शेजारच्या पानावर तू, खांद्यावर शाल, ‘सुरक्षा व्यवस्थापकपदी बढती’.

तुला अकरावीला घातलं ते तू मला लिहून आठवण करून दिलीस. ते मला नको होतं. मी हिशोब ठेवला नव्हता, तू ठेवलास आणि तो वापरलास.

मी जुलैत धोंडीबाईला घेऊन कामगार विम्याच्या ऑफिसात गेले होते. तिथली बाई बोलली, डोळा गेला तर जन्मभर पेन्शन मिळते, पण ती त्या दिवशी कामावर होती असा कंपनीचा एक कागद आणा. रजेवर असेल तर काय नाय. धोंडीबाईनं मला विचारलं, सकू, मी रजेवर होते काय? मी बोलले, नाय. बोलली, मग रजेचं कुणी लिहिलं? तिला मी बाहेर बाकड्यावर बसवून सांगितलं. ती रडली नाय, मला शिवी पण दिली नाय. एस.टी.त मात्र दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

आता ती पाड्यावर असते. तांदूळ निवडायला बसते, खडे राहतात, सून ताट आपटते.

तुझ्याकडं एकच मागते. एक ओळ लिही, ‘धोंडीबाई मंगळू आगिवले १६ जानेवारीला कामावर होती’. खाली सही कर. आठ दिवस थांबते.

सकु


करवंदी फूड्स अँड बेव्हरेजेस प्रा. लि.
मुख्य कार्यालय, मुरबाड
जा. क्र. सुरक्षा/४७/२०२५-२६
दि. २६ सप्टेंबर २०२५

प्रति,
श्रीमती सकुबाई वाल्मिक विशे
बाटली धुलाई विभाग, शहापूर प्लांट

विषय : कारणे दाखवा नोटीस

असे निदर्शनास आले आहे की, श्रीमती धोंडीबाई मंगळू आगिवले यांच्या दि. १६ जानेवारी २०२५ पासूनच्या रजेबाबत आपण कंपनीची बदनामी होईल असा अपप्रचार करीत आहात. सदर रजेचा अर्ज आपल्याच हस्ताक्षरात आहे. त्यातील मजकूर खोटा असल्याचे आपले म्हणणे असल्यास, आपण कंपनीच्या नोंदीत जाणीवपूर्वक खोटी माहिती पुरविली असे समजण्यात येईल.

तरी याबाबत आपला लेखी खुलासा पंधरा दिवसांच्या आत सादर करावा. अन्यथा आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.

शीतल विशे
सुरक्षा व्यवस्थापक

(नोटिशीच्या आत घडी घातलेली चिठ्ठी)

वहिनी, साहेबांनी समोर बसवून सही घेतली. तुझं पत्र त्यांच्या हाती कसं गेलं मला माहीत नाही. तू घाबरू नकोस. ‘माझे काही म्हणणे नाही’ एवढंच लिहून पाठव. मी मिटवते. – शी.


शहापूर
६ ऑक्टोबर २०२५

सुरक्षा व्यवस्थापक यांस,
तुमची नोटीस नंबर सुरक्षा/४७/२०२५-२६

खुलासा मागितलात म्हणून देते.

अर्ज माझ्या हातचा आहे. त्यात लिहिलेलं खोटं आहे. धोंडीबाई मंगळू आगिवले १६ जानेवारी २०२५ ला सकाळी सात वाजता कामावर आली. माझ्या डाव्या हाताला उभी होती. पावणेअकराला गरम सोड्याचा पाइप सुटला आणि तिचा उजवा डोळा गेला. पाइप गळतो हे मी डिसेंबरात कळवलं होतं. डोळे धुवायच्या नळाला पाणी नव्हतं. ती जत्रेला गेली नव्हती, तिला जत्रा आवडत पण नाय. अर्ज लिहायला मला सुरक्षा विभागाच्या शीतल विशे यांनी फोनवर सांगितलं. त्या माझ्या नणंद आहेत. तरी लिहिणारा हात माझा, अंगठा घेताना तिला न सांगणारी पण मीच. त्याची शिक्षा मला द्या.

खाली सात जणींचे अंगठे आहेत. झिजलेले आहेत, नुसते निळे डाग दिसतील, म्हणून प्रत्येकीचं नाव मी बाजूला लिहिलंय आणि त्यांना वाचून दाखवलंय. तिघींनी अंगठा दिला नाय. त्यांना विचारायला जाऊ नका.

सकुबाई वाल्मिक विशे


त्याच दिवशी

शीतल,

वरचा कागद सुरक्षा मॅनेजरला, हा नणंदेला, तुला.

खुलासा मी मनोजच्या हाती दिला नाय. स्वतः मुरबाडला आले होते, तुमच्या ऑफिसच्या खिडकीवर. तू आत काचेमागं बसलेली दिसलीस, फोनवर होतीस. आवक टपाल घेणारी पोरगी बोलली, मावशी, ठेवून जा. मी बोलले, कंपनीनं नंबर टाकून मागवलेला कागद आहे, शिक्का मार आणि माझ्या कॉपीवर पण मार. मारला तिनं, तिला काय ठाऊक.

तिथून विम्याच्या ऑफिसात गेले. त्या बाईला कंपनीचा कागद हवा होता. तिच्यापुढं तुझी नोटीस ठेवली, आणि तुमच्या शिक्क्याचा खुलासा ठेवला. तिनं दोनदा वाचलं. बोलली, पेन्शनचं साहेब ठरवतील, ते मी सांगू शकत नाय, पण आता चौकशी लावावीच लागेल. कारखान्याच्या इन्स्पेक्टरला पण एक कॉपी गेली. तुला बोलावतील, मला बोलावतील. मी हेच सांगणार आहे. तू काय सांगायचं ते तू ठरव.

तू बोललीस ‘काही म्हणणे नाही’ लिही. गो, नऊ महिने दुसरं काय करत होते मी?

माझी नोकरी राहील असं वाटत नाय. लायनीतल्या दोघी माझ्याशी बोलत नाय, त्यांना वाटतं प्लांट बंद पडणार. पडेल पण, कोण जाणे. तू बोललीस तसं आपल्या गावातली घरं मी मोजली. एकोणीस आहेत. त्यांच्या दारावरून जाताना मला खाली बघावं लागतं. तरी पण कागद मागं घेणार नाय.

तुझ्या दादाला सगळी पत्रं वाचून दाखवली, तुझी पण. तो उठून गोठ्यात गेला, बराच वेळ तिथंच होता. मग येऊन बोलला, भाऊबीजेला तिला बोलव.

म्हणून बोलवते. तेवीस तारखेला ये. पाट, ताट, निरांजन काढून ठेवते. वडे आणि वालाची भाजी करून झाकून ठेवीन. भावाला ओवाळ, तो वाट बघेल.

धोंडीबाईचं भात कापायला आलंय. एका डोळ्यानं तिला विळ्याचं भ्या वाटतं. मी येते बोलले, तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली, ये. त्या दिवशी मी पहाटेच तिकडं जाईन आणि काळोख पडल्यावर येईन.

जेवून घे. माझ्यासाठी थांबू नको.

सकुबाई